स्पीकरची केबल स्वतः बनवताना नेमके काय महत्त्वाचे असते?

घरात संगीतासाठी चांगली यंत्रणा बसवणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त गोंधळात पाडते ती अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांना जोडणारी केबल. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद वॅटमध्ये सांगता येते आणि स्पीकरचा आकार डोळ्यांना दिसतो. केबलच्या बाबतीत मात्र साध्या दोन तारांच्या जोडीपासून विणलेल्या आवरणातल्या बोटभर जाड केबलपर्यंत असंख्य प्रकार समोर येतात. त्यांच्या किमतींत शेकडो पटींची तफावत असते आणि प्रत्येकीबरोबर शुद्ध तांबे, चांदीचा मुलामा, खास विणकाम असे काही ना काही दावे जोडलेले असतात. अशा वेळी केबल आपणच बनवावी असा विचार मनात येतो, पण यामागचे शास्त्र आपल्या आवाक्याबाहेरचे असेल या भीतीने बहुतेक जण तो सोडून देतात. ही भीती अनाठायी आहे. शालेय भौतिकशास्त्रातला एक नियम आणि थोडी हातसफाई एवढ्या भांडवलावर उत्तम केबल तयार होते. शिवाय ती आपण बनवली असल्यामुळे आवरणाखाली कोणता धातू आहे, तो किती आहे आणि टोके कशी बसवली आहेत, हे आपल्याला पक्के ठाऊक असते.

दोन तारा आणि एक पूर्ण फेरा

अ‍ॅम्प्लिफायर संगीताच्या चढउतारांप्रमाणे बदलत राहणारा विद्युतदाब आपल्या दोन टोकांमध्ये निर्माण करतो. त्या दाबामुळे वीजप्रवाह एका तारेतून स्पीकरकडे जातो, तिथल्या व्हॉइस कॉइल नावाच्या वेटोळ्यातून फिरतो आणि दुसऱ्या तारेतून परत येतो. हे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात बसवलेले असल्याने प्रवाहाबरोबर पुढेमागे हलते आणि त्याला चिकटवलेला पडदा हवा हलवतो. प्रवाहाची ही दिशा एका सेकंदात कित्येकदा उलटते: खर्जातल्या सुरांसाठी काही दशक वेळा, तर झांजेच्या किणकिणीसाठी हजारो वेळा.

हिशेबासाठी यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रवाह जातो आणि परतही येतो, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकर ५ मीटर लांब असेल, तर प्रवाहाला १० मीटर तांब्यातून जावे लागते. पुढची सगळी गणिते या पूर्ण फेऱ्याची आहेत.

केबलचा वाटा किती?

प्रत्येक तार प्रवाहाला थोडा अडथळा करते. त्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. तार जितकी लांब तितका रोध जास्त आणि जितकी जाड तितका कमी. अ‍ॅम्प्लिफायरने दिलेला दाब केबल आणि स्पीकर यांच्यात आपापल्या रोधाच्या प्रमाणात वाटला जातो. सामाईक शेतातले पीक हिश्शांप्रमाणे वाटले जावे, तशी ही वाटणी असते. केबल हा या शेतातला असा वाटेकरी आहे की त्याच्या हिश्शाचे पीक कोणाच्याच उपयोगी पडत नाही. ते उष्णता होऊन वाया जाते. म्हणून हा वाटेकरी जितका लहान, तितके चांगले.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. तारेची जाडी तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावरून सांगतात. बारीक तारा एकत्र करून केलेल्या लवचीक तांब्याच्या तारेचा रोध जास्तीत जास्त किती असावा, हे आयईसी ६०२२८ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवून दिलेले आहे. २.५ चौरस मिलिमीटर जाडीसाठी तो किलोमीटरला ७.९८ ओहम आहे आणि ०.५ चौरस मिलिमीटरसाठी ३९ ओहम. म्हणजे ५ मीटरच्या अंतरासाठी, जाऊन येऊन, जाड केबलचा रोध सुमारे ०.०८ ओहम आणि बारीक केबलचा ०.३९ ओहम होतो.

८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट मिळत असतील, तर केबलमधून सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह वाहतो. त्या प्रवाहाला जाड केबलमध्ये साधारण १ वॅट वाया जातो आणि बारीक केबलमध्ये जवळजवळ ५ वॅट. पाच वॅटचा तोटासुद्धा ऐकताना मोठा वाटत नाही, कारण आवाजाची तेवढी घट बटण किंचित फिरवून भरून काढता येते. मग जाड तार घ्यायचीच कशाला? त्याचे उत्तर स्पीकरच्या स्वभावात आहे.

स्पीकरचा ‘८ ओहम’ हा स्थिर आकडा नाही

बदलत्या प्रवाहाला स्पीकर जो एकूण अडथळा करतो, त्याला इम्पीडन्स म्हणतात, आणि तो प्रत्येक सुराला वेगळा असतो. पाठीमागे छापलेला ४, ६ किंवा ८ ओहमचा आकडा ही केवळ एक ओळख आहे. आयईसीच्या मानकानुसार प्रत्यक्ष इम्पीडन्स छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ४ ओहमचा म्हणवला जाणारा स्पीकर काही सुरांना ३.२ ओहमपर्यंत उतरू शकतो. तोच स्पीकर दुसऱ्या एखाद्या सुराला, विशेषतः खर्जाच्या स्पीकरच्या नैसर्गिक कंपनाच्या जागी, २० ओहम किंवा त्याहूनही वर चढू शकतो.

साहजिकच प्रत्येक सुराला वाटणीही वेगळी होते. स्पीकर ३.२ ओहमवर असताना ०.३९ ओहमची बारीक केबल जवळजवळ १ डेसिबल (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) खाते. तो २० ओहमवर असताना तीच केबल जेमतेम ०.१७ डेसिबल खाते. काही सूर जास्त दबतात आणि काही कमी, आणि या दोहोंतला ०.८ डेसिबलहून अधिक फरक आवाजाचे बटण फिरवून निघत नाही, कारण तो स्वरांच्या परस्पर तोलातला फरक आहे. सुरांच्या रुंद पट्ट्यावर पसरलेला अर्ध्या डेसिबलच्या आसपासचा बदलही शांत खोलीत, लक्ष देऊन ऐकणाऱ्याला जाणवू शकतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या केबलने हाच फरक ०.१८ डेसिबलवर येतो.

केबलमुळे आवाज बदलतो, असे जे म्हणतात त्याचा खरा, मोजता येणारा आणि शास्त्राने समजावता येणारा गाभा एवढाच आहे. फार बारीक केबल आवाज खरोखर बदलते. पुरेशी जाड केबल तो बदलत नाही.

मग जाडी किती घ्यावी?

सर्वत्र वापरला जाणारा ठोकताळा असा, की केबलच्या पूर्ण फेऱ्याचा रोध स्पीकरच्या छापील इम्पीडन्सच्या ५ टक्क्यांहून जास्त नसावा. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरसाठी ०.२ ओहम आणि ८ ओहमच्या स्पीकरसाठी ०.४ ओहम. या हिशेबाने ४ ओहमच्या स्पीकरला ०.७५ चौरस मिलिमीटरची केबल सुमारे पावणेचार मीटर अंतरापर्यंत पुरते, १.५ चौरस मिलिमीटरची साडेसात मीटर, २.५ ची साडेबारा मीटर आणि ४ ची वीस मीटर. ८ ओहमच्या स्पीकरसाठी ही सगळी अंतरे दुप्पट होतात.

माझ्या मते ५ टक्के ही शेवटची हद्द समजावी आणि त्याच्या निम्म्यात राहण्याचा प्रयत्न करावा. तांबे दिवसेंदिवस महाग होत असले, तरी १.५ वरून २.५ वर जाण्याचा खर्च संपूर्ण यंत्रणेच्या मानाने नगण्य असतो. घरातल्या बहुतेक बैठकीच्या खोल्यांसाठी २.५ चौरस मिलिमीटर हा डोळे झाकून निवडावा असा आकडा आहे. त्याहून जाड तार हाताळायला कठीण, कोपऱ्यात वळवायला हट्टी आणि अनेक अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकांच्या भोकात न मावणारी असते, त्यामुळे लांब अंतर नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

काही केबलवर चौरस मिलिमीटरऐवजी गेज क्रमांक असतो. अमेरिकी पद्धतीत क्रमांक वाढतो तशी तार बारीक होते: १२ गेज म्हणजे ३.३ चौरस मिलिमीटर, १४ म्हणजे २.१ आणि १६ म्हणजे १.३.

आवरणाखाली तांबेच आहे ना?

जाडीचे सगळे गणित तार तांब्याची आहे, या गृहीतावर उभे आहे आणि फसगत नेमकी इथेच होते. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर चढवलेली केबल बाहेरून हुबेहूब तांब्यासारखी दिसते आणि हलक्या केबलमध्ये तिचा सर्रास वापर होतो. तिची वीजवहनाची क्षमता तांब्याच्या साधारण दोन तृतीयांशच असते, म्हणजे २.५ चौरस मिलिमीटर म्हणून घेतलेली अशी केबल खऱ्या तांब्याच्या १.६ चौरस मिलिमीटरएवढे काम करते. शिवाय ती वाकवल्यावर लवकर तुटते आणि तिच्यावर सोल्डर, म्हणजे डाख, नीट धरत नाही.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. केबलच्या टोकाची एकच बारीक तार सुटी करून कागदावर ठेवावी आणि धारदार पात्याने तिच्या अंगावरून हलकेच खरवडावे. आतून रुपेरी चकाकी दिसली तर गाभा अ‍ॅल्युमिनियमचा आहे. कितीही खरवडले तरी तांबूसच राहिली तर ती तांब्याची आहे. मात्र कथलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेत रंगांचा क्रम उलटा असतो: ती बाहेरून रुपेरी आणि आतून तांबूस दिसते, आणि ती वापरायला काहीच हरकत नाही. दुसरी खूण वजनाची. तांब्याची घनता ८.९६ आणि अ‍ॅल्युमिनियमची २.७ असल्यामुळे तांब्याचा थर चढवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या केबलचे भेंडोळे हातात घेताच संशय यावा इतके हलके लागते.

केबल तयार करताना

दोन गाभ्यांची, म्हणजे एकमेकींपासून अलग अशा दोन आवरणयुक्त तारा असलेली, लवचीक तांब्याची केबल घ्यावी. मग ती स्पीकरसाठी म्हणून विकली जाणारी चपटी, पारदर्शक आवरणाची असो किंवा विजेच्या उपकरणांना वापरतात तशी गोल आवरणाची. विजेला, म्हणजे ध्वनीच्या त्या बदलत्या प्रवाहाला, या दोहोंत भेद कळत नाही. अंतर मोजताना भिंतीच्या कडेने, प्रत्यक्ष जिथून केबल जाणार त्या वाटेने मोजावे आणि दोन्ही टोकांना हात फिरेल इतकी, म्हणजे अर्धा-पाऊण मीटर, ढील ठेवावी.

गोल केबलचे बाहेरचे आवरण सोलताना पाते दाबून फिरवले तर आतल्या गाभ्यांचे आवरणही कापले जाते. त्याऐवजी खूण केलेल्या जागी केबल वाकवावी आणि ताणलेल्या बाजूला पात्याची धार फक्त टेकवावी. ताणामुळे आवरण आपोआप उकलते आणि पाते आतपर्यंत पोचतच नाही. केबल थोडी थोडी फिरवत हेच चारही बाजूंनी केले की नळी अलगद ओढून काढता येते.

आतल्या गाभ्याचे टोक १० ते १२ मिलिमीटर सोलावे, आणि तेही वायर स्ट्रिपरच्या योग्य मापाच्या खाचेतून. २.५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक गाभ्यात साधारणतः पाव मिलिमीटरच्या पन्नास तारा असतात. त्यांतल्या तीन-चार तुटल्या, तर त्या इवल्याशा जागी रोध वाढून काही बिघडत नाही. धोका वेगळाच असतो: तुटलेली किंवा बाहेर राहिलेली केसासारखी तार शेजारच्या टोकाला टेकली, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन टोकांत थेट शॉर्ट होतो आणि त्याचा अंतिम टप्पा जळू शकतो. म्हणून सोलल्यानंतर तारा त्यांच्या मूळ पिळाच्या दिशेनेच घट्ट पिळाव्यात आणि टोक उजेडात धरून एकही तार मोकळी नाही ना, हे बघावे. तांबे ताजे गुलाबीसर दिसायला हवे. तपकिरी पडलेले असेल तर तेवढा तुकडा कापून नवे टोक काढावे.

यापुढे टोकाला काय लावायचे हा प्रश्न येतो. काहीच न लावता उघडी तार बाइंडिंग पोस्टमध्ये, म्हणजे यंत्राच्या मागच्या तार आवळायच्या टोकात, पकडली तरी ध्वनीच्या दृष्टीने ती उत्तमच असते. पण केबल वारंवार काढावी लागत असेल, तर ४ मिलिमीटरचा बनाना प्लग किंवा चिमट्यासारखा स्पेड सोयीचा पडतो. स्क्रूने आवळणाऱ्या प्लगसाठी पिळलेल्या तारेवर फेरूल, म्हणजे टोकावर चढवायची धातूची छोटी नळी, बसवून ती क्रिंपिंगच्या पक्कडने दाबावी आणि मग स्क्रू आवळावा. दाबल्यावर प्लग आणि केबल विरुद्ध दिशांना जोराने ओढून पाहावी. चांगले क्रिंप हाताने निघत नाही. निघाले तर ते मुळातच वाईट होते आणि आत्ताच निघाले हे बरे झाले.

एक चूक मात्र कटाक्षाने टाळावी: स्क्रूखाली येणाऱ्या तारेला आधी सोल्डर लावून ती टणक करू नये. सोल्डरमधले कथील मऊ असते. दाबाखाली ते हळूहळू पसरते आणि काही महिन्यांत घट्ट आवळलेला स्क्रू सैल होतो. सोल्डर वापरायचा तर सोल्डरसाठी कप असलेला प्लगच घ्यावा. प्लग आणि तार दोन्ही तापवावीत आणि सोल्डर त्या तापलेल्या धातूला टेकवावा, म्हणजे तो स्वतःहून वितळून तारांमध्ये शिरतो. सोल्डरिंग आयर्नवर वितळवून वरून थापलेला सोल्डर नुसता गोळा होऊन बसतो आणि आतून पोकळ राहतो. आवरणाच्या आत सोल्डर फार खोल शिरला, तर तार तिथे ताठर होऊन कडेशी तुटते. म्हणून सांध्यावर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी, चढवून आधार द्यावा. ही स्लीव्ह प्लग लावण्याआधीच केबलवर ओवून ठेवावी लागते, हे काम सुरू करतानाच ध्यानात असू द्यावे.

चपट्या केबलच्या एका गाभ्यावर बहुधा रेघ, उंचवटा किंवा छपाई असते. खुणेचा गाभा धन समजायचा असे ठरवले, तर दोन्ही स्पीकरना, दोन्ही टोकांना तेच पाळावे आणि तिथे लाल स्लीव्ह चढवावी. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली, तर एकाचा पडदा पुढे येत असताना दुसऱ्याचा मागे जातो. खर्ज पातळ होतो आणि मध्ये उभा असल्यासारखा वाटणारा गायकाचा आवाज इकडेतिकडे विखुरतो. केबलच्या नावाने केल्या जाणाऱ्या पुष्कळ तक्रारींचे मूळ या साध्या उलटसुलट जोडणीत असते.

जोडण्याआधी मोजून पाहा

मल्टिमीटरने दोन तपासण्या कराव्यात: एकाच गाभ्याची दोन टोके जोडलेली दाखवतात का, आणि दोन गाभे एकमेकांपासून पूर्ण अलग आहेत का. दुसरी तपासणी पहिलीपेक्षाही महत्त्वाची आहे.

केबलचा रोध मात्र साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्टीवर मोजता येत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध केबलपेक्षा जास्त असू शकतो. ज्यांना प्रयोगाची हौस आहे, त्यांनी केबलची दूरची टोके एकमेकांना जोडावीत आणि निदान २ अँपिअर देऊ शकणाऱ्या १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरमधून, १० ओहमच्या २५ वॅटच्या रेझिस्टरमार्गे, तिच्यातून प्रवाह सोडावा. सुमारे १.२ अँपिअर प्रवाह वाहील. आता केबलच्या जवळच्या दोन टोकांतला दाब मिलिव्होल्टमध्ये मोजावा. २.५ चौरस मिलिमीटरच्या ५ मीटर केबलसाठी तो ९६ मिलिव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी यायला हवा. दीडशेच्या पुढे गेला तर तार तांब्याची नाही, सांगितल्याइतकी जाड नाही किंवा टोक नीट बसलेले नाही. रेझिस्टर बराच तापतो, म्हणून मोजमाप झटपट उरकावे आणि त्याला हात लावू नये. हे मोजमाप संपल्यावर दूरची टोके एकमेकांपासून सोडवायला अजिबात विसरू नये.

‘पण थोड्याशा रोधानेही बास, म्हणजे खर्ज, सैल होतो ना?’

ही शंका डॅम्पिंग फॅक्टर या आकड्यातून येते. स्पीकरचा इम्पीडन्स भागिले अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध म्हणजे डॅम्पिंग फॅक्टर. हलता पडदा थांबवण्याची अ‍ॅम्प्लिफायरची क्षमता तो दाखवतो, असे मानतात. २०० हा आकडा असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा रोध ८ ओहमच्या स्पीकरपुढे ०.०४ ओहम असतो. त्यात केबलचे ०.०८ मिळवले की आकडा २०० वरून एकदम ६७ वर येतो आणि वाचणारा घाबरतो. परंतु पडद्याला थांबवणारा प्रवाह ज्या फेऱ्यातून जातो, त्यात व्हॉइस कॉइलच्या तारेचा स्वतःचा सुमारे ६ ओहम रोधही असतो आणि तो टाळता येत नाही. म्हणजे एकूण रोध ६.०४ वरून ६.१२ झाला, बदल सव्वा टक्क्याच्या आसपास. तेवढ्याने खर्ज सैल होत नाही.

‘ऑक्सिजनविरहित तांबे आणि चांदी चांगली नाही का?’

साध्या विद्युत तांब्याची शुद्धता ९९.९ टक्के असते आणि ऑक्सिजनविरहित तांब्याची ९९.९५ टक्के. १९१३ मध्ये ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय तांब्याच्या मापाशी तुलना केली, तर दोन्हींची वीजवहनक्षमता १०० ते १०१ टक्क्यांच्या दरम्यानच भरते. ऑक्सिजनविरहित तांबे इतर काही उद्योगांत, विशेषतः उच्च तापमानाच्या आणि निर्वात उपकरणांच्या कामी, खरोखर गरजेचे आहे. खोलीतल्या केबलला त्याने काही लाभ होत नाही आणि तोटाही होत नाही. चांदी तांब्याहून सुमारे ६ टक्के सरस वाहक आहे. तेवढा फायदा ६ टक्के जाड तांबे घेऊन मिळतो.

‘तीव्र सुरांचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, त्याचे काय?’

या परिणामाला स्किन इफेक्ट म्हणतात आणि तो खरा आहे. मात्र तांब्यात २० हजार हर्ट्झला, म्हणजे माणसाच्या श्रवणाच्या वरच्या टोकाला, प्रवाह पृष्ठभागापासून साधारण अर्धा मिलिमीटर खोलीपर्यंत पसरलेला असतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या गाभ्याची त्रिज्याच ०.९ मिलिमीटर आहे, त्यामुळे त्या टोकाच्या सुरालाही रोध फार तर पाव हिश्शाने वाढतो: ०.०८ चे ०.१ ओहम. स्पीकरच्या ओहमांपुढे ही वाढ कुठेच दिसत नाही.

दोन तारांमधल्या चुंबकीय क्षेत्रामुळे येणारा इंडक्टन्स हा त्याहून थोडा मोठा घटक आहे. शेजारी शेजारी धावणाऱ्या तारांसाठी तो मीटरला पाऊण मायक्रोहेन्रीच्या आत असतो आणि ५ मीटरच्या केबलवर, ४ ओहमच्या स्पीकरला, २० हजार हर्ट्झला तो एक दशांश डेसिबलसुद्धा कमी करत नाही. फक्त धन आणि ऋण तारा खोलीच्या दोन वेगळ्या बाजूंनी नेऊ नयेत. त्या लगत असल्या म्हणजे झाले.

‘बारीक तारांची वेणी घालावी का?’

संगणकाच्या नेटवर्क केबलच्या तारा एकत्र विणून स्पीकर केबल बनवण्याची कृती हौशी मंडळींत लोकप्रिय आहे, आणि या एकाच बाबतीत मी सावधगिरीचा सल्ला देईन. त्या केबलची एकेक तार ०.२ चौरस मिलिमीटरची असते, म्हणजे २.५ ची बरोबरी करायला प्रत्येक बाजूला बारा-तेरा तारा लागतात. धन आणि ऋण तारा इतक्या जवळ आणि इतक्या संख्येने आल्या की त्यांच्यातला कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची प्रवृत्ती, मीटरला सहाशे पिकोफॅरडच्या पुढे जाते. साध्या केबलमध्ये तो शंभरच्या आसपास असतो. बहुतेक अ‍ॅम्प्लिफायर हा भार सहज पेलतात. परंतु काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बाहेर पडण्याच्या टोकाशी संरक्षक कॉइल नसते, आणि असा अ‍ॅम्प्लिफायर कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनात शिरून स्वतः तापतो आणि तीव्र सुरांचा नाजूक स्पीकर जाळतो. मिळणारा फायदा ऐकू येण्यापलीकडचा आणि धोका खरा, असा हा सौदा आहे.

‘दोन्ही केबल समान लांबीच्या हव्यातच का?’

केबलमधला संकेत सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. एक केबल ५ मीटरने लांब असली, तर तिच्यातला संकेत २५ नॅनोसेकंद उशिरा पोचतो, आणि तेवढ्या वेळात हवेतला ध्वनी मिलिमीटरचा शंभरावा भागही चालत नाही. श्रोत्याचे डोके किंचित हलले तरी याच्या हजारो पट फरक पडतो. पुरेशा जाडीची तार असेल, तर लहान बाजूची केबल उगाच लांब ठेवून तिचे भेंडोळे करण्याचे कारण नाही.

‘मला फरक स्पष्ट ऐकू येतो!’

या अनुभवाला खोटे म्हणता येणार नाही, पण त्याचे कारण शोधायला हवे. केबल बदलताना माणूस टोके साफ करतो, सैल स्क्रू आवळतो, कधी उलटी जोडणी नकळत सुलट करतो आणि काही मिनिटांनी, किंचित वेगळ्या आवाजपातळीवर ऐकतो. यातल्या प्रत्येक गोष्टीने आवाज खरोखर बदलू शकतो. म्हणूनच तुलना करायची तर दोन्ही केबलवर आवाजाची पातळी मोजून समान करावी, आणि कोणती केबल जोडली आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये.

अमेरिकेतल्या स्टिरिओ रिव्ह्यू मासिकाने ऑगस्ट १९८३ च्या अंकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी घेतलेली अशी चाचणी छापली होती. संगीत ऐकताना जाड, महागडी केबल आणि १६ गेजची दिव्याची साधी वायर यांत श्रोत्यांना भेद करता आला नाही. २४ गेजची फार बारीक तार मात्र उणी ठरली. रोधाच्या गणिताने जे भाकीत केले असते, नेमके तेच. पुढे २००७ मध्ये अद्भुत दाव्यांची पडताळणी करणारे जादूगार जेम्स रँडी यांनी अशा चाचणीत महाग केबल ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले. ती चाचणी शेवटी झालीच नाही.

केबलवरच्या दिशादर्शक बाणांबद्दल एवढेच सांगतो, की प्रवाहच सेकंदाला हजारो वेळा दिशा उलटवत असल्याने स्पीकरच्या साध्या केबलला आत-बाहेर असे टोक नसते.

जोडताना आणि नंतर

जोडणी करताना अ‍ॅम्प्लिफायर बंदच असला पाहिजे. अनेक आधुनिक अ‍ॅम्प्लिफायर, विशेषतः डी वर्गाचे, ऋण टोकावरही संकेत देतात. त्यामुळे डाव्या-उजव्या स्पीकरच्या ऋण तारा एकत्र करून तार वाचवण्याचा किंवा ऋण तार यंत्राच्या पत्र्याला जोडण्याचा विचारही करू नये. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर स्पीकर जोडल्याशिवाय तो सुरू करू नये. त्याच्या ट्रान्सफॉर्मरला मोकळे टोक सोसत नाही. ४ मिलिमीटरचा बनाना प्लग काही देशांतल्या विजेच्या सॉकेटमध्येही शिरतो. याच कारणामुळे युरोपात विकल्या जाणाऱ्या यंत्रांच्या बाइंडिंग पोस्टमध्ये प्लास्टिकची बुचे बसवलेली असतात. घरात लहान मुले असतील, तर उघडे प्लग लटकत ठेवू नयेत. केबल भिंतीतून न्यायची असेल, तर त्यासाठी मान्यता असलेल्या अग्निरोधक आवरणाचीच घ्यावी आणि विजेच्या तारांच्या नळीत ती कधीही घालू नये.

उघडी तार वापरली असेल, तर पहिल्या काही आठवड्यांनंतर स्क्रू पुन्हा एकदा आवळावेत, कारण नव्या तारा दाबाखाली बसतात. वर्ष-दोन वर्षांनी पारदर्शक आवरणाच्या टोकाशी हिरवट छटा दिसू लागली, तर तांबे तिथे गंजू लागलेले असते. तेवढा भाग कापून, ताजे गुलाबी तांबे दिसेपर्यंत मागे जाऊन, नवे टोक बांधावे. सुरुवातीला ठेवलेली अर्धा-पाऊण मीटरची ढील तेव्हा कामी येते.